परड्यातलं सपार

पुण्याहून कोयना एक्सप्रेसने निघालं की जेजुरी, नीरा, लोणंद मागे पडतात, आदर्कीच्या घाटात गाडी सावकाश वळणं घेते आणि रहिमतपूर सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. मग मसूर, मग कराड. कराडचं स्टेशन मात्र कराडात नाही. गाव कृष्णा-कोयनेच्या संगमावर आणि स्टेशन नदीच्या अलीकडे, ओगलेवाडीत. मे महिन्याच्या सुट्टीत आईबरोबर इथे उतरायचे तेव्हा ओगलेवाडी म्हणजे मामांची बैलगाडी उभी असते ती जागा, एवढीच माझी ओळख होती. या गावाला हे नाव का पडलं, असा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. तो यंदा पडला, आजोळच्या परड्यातल्या सपारात.

मामेभावाचा फोन आला होता. सपार पाडून तिथे ट्रॅक्टरसाठी शेड घालायची आहे, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, "आत्याचं काय असंल तर येऊन बघून जा." आई आता नाही. तिचं तिथे काही असेल असं मला वाटत नव्हतं, तरी गेले.

सपार परड्याच्या टोकाला, विहिरीच्या वाटेवर आहे. तीन भिंती दगडमातीच्या, चौथी बाजू कुडाची, वर पूर्वी उसाच्या पाचटाचं छप्पर आणि नंतर कधीतरी घातलेले पत्रे. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा जुन्या घराची मागची भिंत बसली. आजोबांनी माजघरातलं, माळ्यावरचं, बळदातलं सगळं सामान तात्पुरतं म्हणून सपारात हलवलं. घर नव्याने बांधलं, पण सामान काही परत आत आलं नाही. दरम्यान विहिरीवर विजेची मोटर बसली होती, पुढे ट्रॅक्टर आला, ऊस कारखान्याला जाऊ लागला. त्या सामानाला नव्या घरात कामच उरलं नाही. वर्षानुवर्षं त्याच्यावर नवं नवं येऊन पडत राहिलं. आम्ही दार उघडलं तेव्हा सगळ्यांत वर पीव्हीसी पाइपाचे तुकडे, युरियाच्या गोण्या, फवारणीचा गळका पंप. त्याखाली सायकलची चाकं, मोडका पाळणा, दूध मोजायची भांडी. आणि अगदी तळाशी, मागच्या भिंतीला लागून, भूकंपाच्या वर्षी ठेवलेलं.

मामा आता ऐंशीच्या पुढचे. त्यांना बाजेवर बसवून आम्ही एकेक वस्तू बाहेर आणत होतो आणि ते काठीच्या टोकाने दाखवत नाव सांगत होते. जू, शिवळा, रुमणं, कुळवाची पास. तिफणीचं चाडं, तिळाच्या तेलात मुरल्यासारखं काळंभोर. बैलांच्या शिंगांत घालायच्या पितळी शेंब्या, एका फडक्यात बांधून ठेवलेल्या. घुंगुरमाळांचं चामडं कुजून गेलेलं, घुंगरं मात्र शाबूत.

मग मामेभाऊ आणि त्याचा मुलगा दोघांनी मिळून एक जड, वाळून लाकूड झालेला चामड्याचा गोळा ओढत आणला. एका टोकाला लोखंडी कडं. मला वाटलं पखाल असेल. मामा उठून उभे राहिले.

"मोट हाय ती. आपल्या थोरल्या हिरीवरची."

मोट मी चित्रात पाहिली होती, गाण्यांत ऐकली होती. ती चालते कशी, हे त्या दुपारी मामांनी परड्यातल्या मातीवर काठीने रेघा ओढून सांगितलं, आणि ऐकताना मी थक्क होत गेले. मोटेला दोन तोंडं असतात म्हणा ना: वरचं रुंद तोंड लोखंडी कड्याचं, आणि खालून निघणारी लांब चामडी सोंड. कड्याला जाड दोर बांधलेला, तो नाडा. तो वरच्या चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, तो सोंदूर. तो खालच्या कण्यावरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. मोट विहिरीत असते तेव्हा सोंड सोंदराने ओढून वर उचललेली राहते, म्हणून पाणी गळत नाही. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर येते. ती काठाशी पोचली की नाडा तिला आणखी वर नेतो, पण सोंदूर खालच्या कण्यावरून सोंडेला आडवं बाहेर खेचतो. सोंड थारोळ्यात पसरते आणि सगळं पाणी आपोआप ओतलं जातं. तिथे थांबून मोट उपडी करायला माणूस लागत नाही. दोन दोरांच्या लांबीतला फरक एवढीच त्यातली युक्ती, आणि ती लांबी वीतभर चुकली तर एकतर पाणी विहिरीतच सांडायचं नाहीतर सोंड फाटायची.

"मानसाला हात लावायला नगं," मामा म्हणाले. "खरी कसरत पुढं. बैलं माघारी पावलानं वर आनायची. तोंड तिकडंच, पाय मागं. आन् खाली जाताना आपुन नाड्यावर बसायचं, तेवढंच वजान बैलांच्या मदतीला."

पहाटे चारला मोट धरायची ती ऊन चढेपर्यंत. त्यात तासाला किती पाणी निघायचं, हे मामांना सांगता येत नव्हतं. पण एका मोटेवर किती वाफे भिजतात आणि जोंधळ्याला किती पाळ्या द्याव्या लागतात, ते त्यांना तोंडपाठ होतं. हिशोब त्याच मापाने चालायचा.

मापांवरून आठवलं, तीही निघाली. तागाच्या कापडात गुंडाळलेली पायली, तिच्यात शेर, शेरात मापटं, मापट्यात चिपटं आणि अगदी आत कोळवं. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीपर्यंत दर पायरीला दुप्पट किंवा चौपट, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईलाही खळ्यावर कुणी फसवू शकत नव्हतं. नुसतं दोनदा ओतून ताळा करता यायचा. १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला. कायदा गरजेचाच होता, कारण एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळत नसे. तरीही आमच्या घरी आजी शेवटपर्यंत पायलीनेच मोजायची. पहिल्या मापाला ती 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणायची. लाभ, दोन, तीन. मला ते माप हातात घेतल्यावर तिचा आवाज आठवला आणि मग बराच वेळ काही बोलता आलं नाही.

सपारात लोखंडाच्याही वस्तू होत्या आणि त्या सगळ्यांत वेगळी गोष्ट ही की त्यांच्या अंगावर नावं होती. उसाच्या चरकाचं बूड, ओतीव, गंजलेलं, पण घासल्यावर 'किर्लोस्कर' ही अक्षरं वर आली. एका लोखंडी नांगरावरही तेच. खुंटीला लटकलेल्या दोन कंदिलांपैकी एकावर पुसट 'प्रभाकर' आणि 'ओगले'. मी ते नाव बोटाने पुन्हा पुसून पाहिलं. ज्या स्टेशनावर मी आयुष्यभर उतरत आले, तेच नाव.

आणि एक ट्रंक. कुलूप गंजून सुटलेलं होतं. आत वरच्या बाजूला 'स्त्री' मासिकाचे अंक, खालचे वाळवीने खाल्लेले, वरचे चांगले. हे मासिक १९३० साली सुरू झालं आणि तेव्हा ते किर्लोस्करवाडीतच छापलं जात होतं. आजीला वाचता येतं हे मला माहीत होतं. ती मासिक मागवत होती हे माहीत नव्हतं. "आई दुपारची वाचत बसायची," मामा म्हणाले. "आमाला हात लावू द्यायची न्हाई." त्यातल्या काही अंकांच्या समासात पेन्सिलीने आईचं नाव लिहिलेलं होतं, शाळकरी अक्षरात, पुन्हा पुन्हा. मामेभाऊ म्हणाला होता ते खरं निघालं. आत्याचं होतं तिथे.

ट्रंकेच्या तळाशी आजोबांची हिशोबाची वही होती, मोडीत लिहिलेली. तिच्याकडे नंतर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओगलेवाडीला गेले. टांग्याऐवजी वडापची जीप. स्टेशनापासून चालत फिरलं तरी जुन्या कारखान्याच्या खुणा डोळ्यांत भरतात. १९१६ साली इथे ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला, तो औंध संस्थानच्या आधाराने. त्या आधी आठ वर्षं, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता. गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागायचा आणि त्या पैशातून स्वदेशी कारखाना काढायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. काच हा त्या काळच्या स्वदेशीचा फार महत्त्वाचा विषय होता, कारण काच म्हणजे दिवा, आणि दिवा म्हणजे घरातली रोजची परदेशी वस्तू. रॉकेल बाहेरचं, कंदील अमेरिकेचा नाहीतर जर्मनीचा.

कंदिलाची काच करणं वाटतं तितकं सोपं नाही. वाळू, सोडा, चुनखडी भट्टीत वितळवून फुगा फुंकता येतो. पण ती काच आतून ज्योतीने तापलेली असताना बाहेरून पावसाचा थेंब पडला तरी तडकता कामा नये. शेतकऱ्याचा कंदील देवघरात थोडाच राहतो. तो रात्री पाणी पाजायला मळ्यात जातो, गाय व्यायली तर गोठ्यात जातो, बैलगाडीखाली लटकून बाजाराला जातो. कंदिलाच्या दोन बाजूंना ज्या वाकलेल्या नळ्या असतात, त्या मी आजवर नुसते दांडे समजत होते. त्यांतून हवा वातीपर्यंत येते. म्हणून वारा सुटला तरी ज्योत विझत नाही. प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला, आणि माझ्या आईने याच उजेडात अभ्यास केला. आता तिथे काच होत नाही. वाडीला नाव मात्र राहिलं आहे, आणि रोज शेकडो माणसं 'कराड'चं तिकीट काढून त्या नावाच्या गावात उतरतात.

तिथूनच मी पुढची पॅसेंजर धरली. शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी. हा तुकडा लहान असला तरी रिकामा नाही. शेणोलीजवळ ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी इंग्रज सरकारची पगाराची गाडी अडवून लुटली. हे साताऱ्याचं प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटलांचं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. माझ्या डब्यातली पोरं मोबाइलवर क्रिकेट बघत होती. शेणोली आलं तेव्हा एका म्हाताऱ्याने बाहेर बघून हात जोडले. देवळाला जोडले की त्या आठवणीला, विचारायचं धाडस झालं नाही.

किर्लोस्करवाडीची हकिकत मराठी माणसाला शाळेपासून थोडीफार ठाऊक असते, पण नांगर हाताळून आल्यावर ती वेगळी कळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांत गल्लत होते म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, बेळगावला त्यांनी सायकलींचं दुकान काढलं, कडबा कापायची यंत्रं बनवली, आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, वर बिनव्याजी दहा हजार रुपये. १९१० मध्ये त्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली.

शेतकऱ्यांच्या त्या भीतीला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर ती पालथी घालतो. खालची माती वर, वरची खाली, हरळीच्या मुळ्या उताण्या. ज्याच्याकडे एकच रान आहे आणि एकच हंगाम, त्याने असं काही करण्याआधी दोन वर्षं शेजाऱ्याच्या रानाकडे बघत थांबणं यात शहाणपण आहे. आमच्या पणजोबांनी तो नांगर कधी घेतला हे कुणाला आठवत नाही. मामांना एवढंच आठवतं की तो ओढायला शेजारच्यांची बैलं सावडीने आणावी लागत आणि नांगरट झाली की त्यांच्या रानात आपली जायची.

चरकाचं तसंच. तीन उभे रूळ, वर लांब दांडी, दांडीला बैल, आणि बैल गोल फिरायला लागले की रुळांत घातलेल्या उसाचा रस खाली मांदणात. तो काहिलीत, खाली चुलवाण, चुलवाणात उसाचीच चिपाडं. गुळव्या रसाचा थेंब पाण्यात टाकून बोटांत वळून बघायचा आणि सांगायचा, उतरवा. गुऱ्हाळाचे ते दोन महिने मामांच्या बोलण्यात इतक्या वेळा येतात की मला वाटतं त्यांच्या लेखी वर्ष तिथूनच सुरू होतं. पुढे रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना झाला आणि चरक सपारात गेला.

किर्लोस्करवाडीच्या फाटकासमोर उभं राहिल्यावर मला एक गोष्ट नव्याने लक्षात आली. याच कारखान्याने १९२६ मध्ये पाणी उपसायचे पंप बनवायला सुरुवात केली, आणि आजही तिथे पंपच होतात. आमच्या थोरल्या विहिरीवरची मोट ज्या पंपाने उतरवली तो याच वाडीचा. नांगर, चरक, पंप, मासिक. आणि दिवा अलीकडच्या ओगलेवाडीचा. एका शेतकरी घराची जवळजवळ शंभर वर्षं बदलून टाकणाऱ्या वस्तू बैलगाडीने जाता यावं इतक्या जवळ तयार होत होत्या, आणि दोन्ही ठिकाणी पाठीशी एकच लहानसं संस्थान उभं होतं. त्या संस्थानाने १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटनाही दिली. मुंबई-पुण्याच्या इतिहासात कृष्णाकाठ नेहमी मागच्या बाकावर बसतो. माझ्या मते तो तिथला नाही.

हे सगळं मनात घेऊन मी संध्याकाळी परतले, आणि मामा वही उघडून बसले होते.

मोडी त्यांना आजोबांनी शिकवलेली. चष्मा कपाळावर ढकलून, पान डोळ्यांजवळ धरून ते हळूहळू वाचत होते. किर्लोस्करांचा नांगर, त्याचे रुपये. कंदिलाची काच, तिचे आणे. दुकानदारांची नावं आडनावासकट, सावकाराचं नाव आडनावासकट, बैल विकणाऱ्याचं गावासकट. मग खळ्याचं पान आलं. सुतार, इतक्या पायल्या. लोहार, इतक्या. चांभार, इतक्या. मांग. महार. न्हावी. परीट. कुंभार. पानामागून पान, हंगामामागून हंगाम तेच. एकाही ओळीत माणसाचं नाव नाही.

मी मामांना पुन्हा पुन्हा बघायला लावलं. नव्हतंच.

बाहेर परड्यात ओळीने मांडलेल्या वस्तू मला दिसत होत्या. नाव असलेल्या मोजक्याच. बाकी सगळ्या बिननावाच्या, आणि त्या बाकीच्यांवरच तर घर चाललं होतं. कुळव कुणीतरी तासला. मोटेचं कातडं कुणीतरी कमावलं आणि शिवलं. नाडा कुणीतरी वळला. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला त्यात बलुत्याची व्यवस्था तपशिलाने आहे, कुणाला किती वाटा आणि कुणाची ओळ कोणती. व्यवस्था पुस्तकात सापडते. आमच्या मोटेला टाके घालणारा माणूस तिथे सापडणार नव्हता. त्याच्यासाठी गावातच विचारायला हवं होतं, आणि लवकर, कारण मामांच्या वयाची माणसं आता गावात फार उरलेली नाहीत.

सुताराचं घर सोपं होतं. नातवाचं कराड रस्त्यावर फर्निचरचं दुकान आहे, प्लायवूडची कपाटं आणि दारं. तो दुपारची सुट्टी धरून आला, कुळव उपडा केला आणि दिंड आणि जानोळी जिथे जुळतात तिथे अंगठा फिरवला. खिळा एकही नाही. "बाभळीचंच हाय," म्हणाला, आणि मग दिंडाच्या खालच्या अंगाला, माती लागते त्या बाजूला, दोन आडव्या खाचा दाखवल्या. आजोबा प्रत्येक कामावर त्या पाडायचे, त्याच्या घरच्या पाटावरही आहेत. म्हणजे नाव नव्हतं असं नाही. लिहिणाऱ्याने ते विचारलं नव्हतं. त्याने आजोबांचं पूर्ण नाव सांगितलं, मी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून कुळवाला बांधलं. जाताना त्याने विचारलं, हा दुकानात ठेवायला मिळेल का. मामा म्हणाले, "तुझाच हाय, घिऊन जा."

मोटेसाठी गावाच्या खालच्या अंगाला जावं लागलं. मामा बरोबर यायला निघाले, मामेभावाने मोटरसायकलवर बसवून आणलं. मोट शिवणाऱ्यांची सून अजून आहे, नव्वदीच्या आसपासची, दृष्टी गेलेली, आवाज खणखणीत. मुलगा शाळेत शिक्षक होता, निवृत्त झाला. नात साताऱ्याला नर्स. पक्कं घर, दारात तुळस, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो.

मी मोटेबद्दल विचारलं तशी त्या म्हणाल्या, "कुनाची? पाटलाच्या थोरल्या हिरीची का?" आणि मग कामाचं सांगू लागल्या. कातडं पिकवायला बाभळीची साल आणि हिरडा, किती दिवस कुंडात, कधी उलटायचं. टाका कुठे दुहेरी घ्यायचा. सोंड जिथे मोटेला जोडते तो भाग सगळ्यांत आधी फाटतो, म्हणून तिथे आतून पट्टी. मोट फाटली की रात्रीचं बोलावणं यायचं, कारण सकाळी पाळी चुकली तर पीक जायचं. सासऱ्यांबरोबर त्याही जायच्या, कंदील धरायला.

"आन् खळ्याव?" मी विचारलं.

त्या थोडा वेळ थांबल्या. "पायली वरनं वतायची. आमी पदर धरायचा. निम्मं पदरात, निम्मं खाली. खालचं येचून घ्यायचं. मातीसकट."

मामा मान खाली घालून बसले होते. ती पायली काल त्यांच्या मांडीवर होती. आजीने 'लाभ' म्हणत मोजलेलं धान्य कुणाच्या पदरात कसं पडायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. महारकीच्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं. ही वतनं प्रत्यक्षात गेली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे नवी वजनं बाजारात आली त्याच सुमारास. तारखा मला आधी ठाऊक होत्या. पदर धरून उभी असलेली बाई माझ्यासमोर त्या दिवशी पहिल्यांदा आली.

"मोट दाखवायला आणू का, आजी? हात लावून बघा," मी म्हटलं.

"नगं," त्या म्हणाल्या. "लई हात लागलेत तिला. त्या वासापायी मानसं आमच्यापासनं लांब बसायची, आन् त्याच मोटंचं पानी सगळ्यांच्या जोंधळ्याला. तू त्यांचं नाव लिव्ह. नुसतं न्हवं, बापाच्या नावासकट लिव्ह."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. मग त्यांच्या मुलाने तो पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, माझं एक अक्षर दुरुस्त केलं आणि खाली आईचंही नाव लिहिलं, कंदील धरणारी म्हणून.

भंगारवाला आला तेव्हा पाइपाचे तुकडे, गोण्या, फवारणीचा पंप आणि सायकलची चाकं घेऊन गेला. चरकाला त्याने चांगला भाव सांगितला, मामेभावाने दिला नाही. 'स्त्री'चे अंक मी पुण्याला आणले आहेत, वाळवीचं औषध करून, कापडात बांधून. पायली सोप्यात ठेवायला मामी तयार नव्हत्या. मामांनी ती ठेवायला लावली, आणि तिच्या पुठ्ठ्यावर त्या आजींनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहून घेतलं, पोरांना वाचता यावं म्हणून. वहीतल्या खळ्याच्या पानांसमोर कोरे कागद घालून त्यावर नावं भरायचं काम आता त्यांनी अंगावर घेतलं आहे. कुंभाराचं मिळालं, लोहाराचं अर्धं मिळालं. नाडा वळणाऱ्या घरातली माणसं इचलकरंजीला राहायला गेली एवढंच कळलं आहे. मामेभाऊ तिथला पत्ता काढतो आहे, आणि तो मिळेपर्यंत सपार पाडायचं काम त्याने पुढे ढकललं आहे.